पहिला ड्रॅगन: डी अँड डी पहिल्यांदा चालवणाऱ्या डीएमसाठी

नव्या डीएमचा (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) ड्रॅगन दोनपैकी एका प्रकारे फसतो. एक तर चौघं मिळून त्याला दुसऱ्या राउंडमध्येच (राउंड म्हणजे सगळ्यांची एकेक पाळी) लोळवतात आणि टेबलावर सगळ्यांच्या चेहऱ्यावर ‘झालं? एवढंच?’ असं येतं. नाहीतर ड्रॅगनने सोडलेल्या पहिल्याच जीवघेण्या श्वासात कुणाचं तरी पात्र कायमचं मरतं आणि अर्धा तास खपून जादूगार बनवलेला तो खेळाडू उरलेली संध्याकाळ मोबाइल बघत काढतो. दोन्हींची कारणं आकड्यांत आहेत आणि दोन्ही गोष्टी घरी बसून, खेळाच्या आदल्या दिवशी टाळता येतात.

हे मार्गदर्शन डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या टेबलाभोवती बसून पात्रं वठवायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीसाठी आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ मध्ये आला. पाचवी आवृत्ती २०१४ ची. चार खेळाडू, एक डीएम, एका बैठकीत संपणारी चार तासांची क्वेस्ट, आणि शेवटी एक ड्रॅगन एवढाच आवाका धरला आहे. महिनोन्‌महिने चालणारी मोहीम नंतर करा. पहिली बैठक जमली तर ती आपोआप मागितली जाते.

आधी हे जमवा

- सात फाश्यांचा संच: डी४, डी६, डी८, दोन डी१०, डी१२, डी२० (डीनंतरचा आकडा म्हणजे फाश्याच्या बाजू). प्रत्येकाला एक असेल तर उत्तम, टेबलावर दोन तरी हवेतच. ल्यूडोचे फासे फक्त डी६ म्हणून चालतात.
- मोफत मिळणारे बेसिक रूल्स आणि सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट ५.१. हे दुसरं जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुलं आहे. पात्रं बनवायला पहिलं, राक्षसांचे आकडे बघायला दुसरं. पहिल्या खेळासाठी पुस्तक विकत घ्यायची गरज नाही.
- चार छापील कॅरेक्टर शीट, पेन्सिली, खोडरबर. पेन नको, एचपी (हिट पॉइंट्स, अंगात उरलेला जीव) शंभर वेळा बदलतात.
- चौकटींचा मोठा कागद. एक चौकट म्हणजे ५ फूट. कॅरमच्या सोंगट्या टोकन म्हणून वापरायच्या असतील तर चौकट साडेतीन सेंटिमीटरची आखा. सोंगटी साधारण ३ सेंटिमीटर व्यासाची असते, एक इंचाच्या चौकटीत ती मावत नाही आणि कोण कुठे उभं आहे यावरून वाद होतात. शर्टाची बटणं एक इंचात बसतात.
- चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणि एक वही. वहीत काय लिहायचं ते पुढे येईलच.

१. आवृत्ती एकच ठेवा

२०२४ मध्ये सुधारित नियम आले. दोन्ही संच वरवर सारखे दिसतात, पण मंत्र, पात्रं आणि राक्षस यांचे तपशील ठिकठिकाणी बदलले आहेत. एका खेळाडूने २०१४ ची पीडीएफ उघडली आणि दुसऱ्याने २०२४ ची, तर अर्धा तास ‘माझ्याकडे असं लिहिलंय’ यात जातो. या लेखातले सगळे आकडे २०१४ च्या नियमांतले आहेत. बोलावणं पाठवतानाच फाइलची लिंक द्या आणि तीच उघडायला सांगा.

खेळाचा गाभा पाच मिनिटांत समजावता येतो. डी२० टाका, त्यात बोनस मिळवा, ठरलेल्या आकड्याइतकं किंवा जास्त आलं की जमलं. वार करताना तो आकडा म्हणजे समोरच्याचा एसी (आर्मर क्लास, बचावाचा आकडा). एखादं काम करताना तो डीएमने ठरवलेला डीसी (डिफिकल्टी क्लास): सोपं १०, मध्यम १५, कठीण २०. आपल्यावर काही येऊन आदळत असेल तर सेव्ह, म्हणजे त्यातून वाचण्यासाठी टाकलेला डी२०. ॲडव्हान्टेज असेल तर दोन डी२० टाकून मोठा घ्यायचा, डिसॲडव्हान्टेज असेल तर लहान. यापेक्षा जास्त नियम खेळ सुरू होण्याआधी सांगू नका. बाकीचे ज्या क्षणी लागतील त्या क्षणी सांगा, लक्षातही तेव्हाच राहतात.

२. ड्रॅगनचं वय आधी ठरवा, रंग नंतर

ड्रॅगन म्हटलं की लाल, पंखांनी आभाळ झाकणारा, हेच चित्र डोळ्यांसमोर येतं. नवे डीएम त्यापायी ‘यंग रेड ड्रॅगन’ उचलतात. त्याचे १७८ एचपी, आणि श्वास १६डी६, म्हणजे सोळा डी६ ची बेरीज, सरासरी ५६. आता तिसऱ्या लेव्हलचा दणकट फायटर घ्या: २८ एचपी. सेव्ह चुकली तर ५६ मधले २८ त्याला शून्यावर आणतात आणि उरतात आणखी २८. शून्यावर गेल्यावर उरलेलं नुकसान जर कमाल एचपीइतकं किंवा त्याहून जास्त असेल तर पात्र तिथल्या तिथे मरतं. डेथ सेव्ह (मरणाच्या दारातून परतायचे रोल, आठव्या पायरीत येतील) वगैरे काही नाही. पार्टीतला, म्हणजे चौघांच्या टोळीतला, सगळ्यात टणक माणूस एका सरासरी श्वासात गेला. बाकीच्यांचं तर विचारूच नका.

पाचव्या आवृत्तीत ड्रॅगनच्या चार अवस्था आहेत. वर्मलिंग पाच वर्षांपर्यंत, यंग सहा ते शंभर, अडल्ट आठशेपर्यंत, त्यापुढे एन्शंट. पहिल्या क्वेस्टला वर्मलिंगच घ्या. मग रंग. पांढरा, काळा आणि हिरवा वर्मलिंग सीआर (चॅलेंज रेटिंग, राक्षस किती कठीण त्याचा आकडा) २ चे आहेत, निळा ३ चा, लाल ४ चा. ब्रास, ब्रॉन्झ, कॉपर, सिल्व्हर, गोल्ड हे धातूचे ड्रॅगन स्वभावाने सज्जन. त्यांच्याशी लढायचं तर कथेत खूप कारणं द्यावी लागतात, म्हणून आत्ता बाजूला.

माझा कौल पांढऱ्याला. एसी १६, एचपी ३२, जमिनीवर ३० फूट, उडत ६० फूट, बर्फातून किंवा मातीतून १५ फूट खणत जाऊ शकतो. चावा +४ ने, १डी१०+२ आणि वर १डी४ थंडीचं नुकसान. श्वास १५ फुटांचा कोन, ५डी८ म्हणजे सरासरी २२, कॉन्स्टिट्यूशन (शरीराचा कणखरपणा) सेव्ह डीसी १२, जमली तर निम्मं. बुद्धी ५. हा शेवटचा आकडा महत्त्वाचा, कारण तो डीएमचं काम सोपं करतो: हे पोर डावपेच लढवत नाही. त्याला भूक लागते, राग येतो आणि दुखलं की ते पळतं.

३. पात्रं तिसऱ्या लेव्हलची आणि आधीच बनवलेली

पहिल्या लेव्हलचा जादूगार सात एचपींचा असतो. सरासरी २२ चा श्वास: सात जाऊन पंधरा उरले, सातापेक्षा जास्त, जागीच मरण. दुसऱ्या लेव्हलला बारा एचपी, म्हणजे फाश्यांवर २४ आले की तोच प्रकार. तिसऱ्या लेव्हलला सतरा एचपी. जागीच मरायला आता ३४ यावे लागतात, आणि ५डी८ वर एवढे क्वचित येतात. ‘पहिल्या लेव्हलपासून सुरुवात करायची असते’ हा आग्रह म्हणूनच इथे सोडा. गोब्लिन मारायचे असतील तर पहिली लेव्हल ठीक, ड्रॅगन असेल तर तिसरी.

चार शीट तुम्हीच भरून न्या: चॅम्पियन फायटर (लढवय्या), थीफ रोग (इंग्रजी rogue, चोरटा), लाइफ क्लेरिक (जखमा भरणारा पुजारी), इव्होकेशन विझर्ड (जादूगार). चौघंही मोफत नियमांत आहेत. सहा क्षमतांना गुण १५, १४, १३, १२, १०, ८ असे वाटा आणि त्यावर वंशाचे बोनस चढवा. खेळाडूंना नाव, स्वभाव आणि खालच्या दोन प्रश्नांची उत्तरं तेवढी ठरवू द्या.

पहिला प्रश्न: या डोंगरातल्या गावात तुझं कोण राहतं? दुसरा: तू कशापासून एकदा पळाला आहेस? उत्तरं वहीत लिहून घ्या. ही दोन वाक्यं पुढे पाच पानी इतिहासापेक्षा जास्त कामाला येतात.

विझर्डचे मंत्र देताना तीन गोष्टी बघा. रे ऑफ फ्रॉस्ट देऊ नका, पांढऱ्या ड्रॅगनला थंडीचं काहीच होत नाही; फायर बोल्ट द्या. होल्ड पर्सन फक्त माणसासारख्या प्राण्यांवर चालतो, ड्रॅगनवर टाकला की वाया. आणि स्लीप, झोपवणारा मंत्र. दुसऱ्या लेव्हलच्या स्लॉटने (मंत्र टाकायच्या कोट्यातून) टाकलेला स्लीप ७डी८ एचपीइतक्यांना झोपवतो, सरासरी साडेएकतीस. ३२ एचपीचा ताजातवाना ड्रॅगन म्हणजे जवळजवळ छापा-काटा करून पहिल्याच टर्नला घोरायला लागेल. मंत्र काढून घेऊ नका, तो खेळाडूचा हक्क आहे. उपाय पुढे आठव्या पायरीत आहे.

प्रत्येकाला एक हीलिंग पोशन द्या, २डी४+२ एचपी भरून देणारी. एकाला तरी ड्रॅकोनिक भाषा द्या, कारण ड्रॅगनला दुसरी भाषा येत नाही आणि बोलणारा ड्रॅगन असा मुका ठेवणं पाप आहे.

४. गावात गरज दाखवा, गोष्ट सांगू नका

सुरुवात सरळ गावातून करा, पार्टी एकमेकांना आधीच ओळखते असं धरून. खानावळीत अनोळखी चौघं भेटतात, मग एक बुरखेवाला म्हातारा येतो, यात पाऊण तास जातो आणि हाती काही लागत नाही.

खिंडीखालचं गाव. ऐन उन्हाळ्यात पाणचक्कीचं चाक गोठलंय, अर्ध्या फेऱ्यात अडकून. कुरणात तीन मेंढ्या उभ्याच्या उभ्या बर्फात सापडल्या, एकीचा मागचा अर्धा भाग नाही. काल संध्याकाळी दोन धनगर पोरं कळप शोधायला वर गेली, परतली नाहीत. यातली एक तरी व्यक्ती पहिल्या प्रश्नाच्या उत्तरातली असू द्या. रोगच्या खेळाडूने ‘माझी मावशी इथे राहते’ म्हटलं असेल तर हरवलेल्यांपैकी एक मावशीचा मुलगा.

वर्णन चार वाक्यांच्या पुढे जाऊ देऊ नका. चौथ्या वाक्यानंतर थांबा आणि विचारा, ‘तू काय करतोस?’ सगळ्यांना मिळून विचारलं तर जो मोठ्याने बोलतो तोच खेळतो, म्हणून नाव घेऊन विचारा.

मराठीत खेळत असाल तर एक फायदा फुकट मिळतो. गावचा पाटील पार्टीला ‘अहो, तुम्ही’ करतो, चक्कीवाली बाई क्लेरिकला ‘बाबा रे’ म्हणते, ड्रॅगनचे चाकर कोबोल्ड (लहानखुरे, सरड्यासारखे राक्षस) आपापसात ‘ए, तू’ करतात आणि ड्रॅगन सगळ्यांनाच ‘तू’ म्हणतो. आवाज बदलायची कला नसली तरी तेवढ्याने कोण बोलतंय ते कळतं. नियमांचे शब्द मात्र इंग्रजीच ठेवा. सेव्ह, रोल, डॅमेज यांना जागच्या जागी मराठी प्रतिशब्द शोधत बसलात तर शीटवरचा शब्द आणि तोंडातला शब्द जुळत नाही.

५. एका निष्कर्षाला तीन माग

पार्टीला दोनच गोष्टी कळायला हव्यात: वर ड्रॅगन आहे, आणि तो कुठल्या गुहेत आहे. प्रत्येकीसाठी तीन वेगवेगळे माग ठेवा, कारण खेळाडू एक पाहणार नाहीत, दुसऱ्याचा भलताच अर्थ लावतील आणि तिसरा पकडतील.

ड्रॅगनसाठी: उभ्या गोठलेल्या मेंढ्या, म्हणजे गारठा सावकाश नाही तर झटक्यात आला. कुरणावरचा बर्फ पंख्यासारखा पसरलेला, टोकाशी अरुंद, पुढे रुंद. कोनाचा आकार खेळाडूंना लढाईआधीच कागदावर दाखवण्याची ही संधी. तिसरा, चक्कीवरच्या पोराने काल रात्री चंद्रासमोरून काही तरी जाताना पाहिलंय. गुहेसाठी: कोबोल्डांच्या छोट्या नखाळ पावलांची रांग, ओढत नेलेल्या मेंढीचा चर, आणि पकडला गेलेला एखादा कोबोल्ड, जो जिवाच्या भीतीने सगळं ओकतो.

इथला सापळा असा: महत्त्वाचा माग एका रोलमागे लपवायचा. ‘परसेप्शन टाक’, आले सात, ‘काही दिसत नाही’, आणि क्वेस्ट तिथेच मेली. पुढे जायला लागणारी माहिती रोल न करता द्या. रोल फक्त जास्तीच्या माहितीसाठी ठेवा. पंधराच्या वर आले तर पावलांवरून कळतं की कोबोल्ड दहा आहेत. नाही आले तरी पावलं कुठे जातात ते दिसतंच.

६. वाटेवर एक छोटी चकमक

सहा कोबोल्ड, एसी १२, प्रत्येकी ५ एचपी. प्रत्येकाचे २५ एक्सपी (शत्रूला हरवून मिळणारे अनुभवाचे गुण), एकूण १५०; तीन ते सहा शत्रू असतील तर कठीणपणा मोजताना दुपटीने धरायचं, म्हणजे ३००. तिसऱ्या लेव्हलच्या चौघांसाठी सोप्या लढाईची पातळी बरोबर ३०० च आहे. कोबोल्डचा साथीदार लक्ष्याच्या ५ फुटांत असला की कोबोल्डला ॲडव्हान्टेज मिळतो, तर उन्हात त्यांना वार करताना डिसॲडव्हान्टेज. दोन्ही असले की एकमेकांना रद्द करतात. त्यामुळे ही चकमक दुपारी झाली की हलकी आणि अंधार पडल्यावर झाली की बोचरी. वेळ खेळाडूंच्या हातात ठेवा.

चकमकीचा उपयोग दोन कामांसाठी. खेळाडू इनिशिएटिव्ह (लढाईतल्या पाळ्यांचा क्रम), हालचाल, ॲक्शन, बोनस ॲक्शन हे स्वस्तात शिकतात, आणि थोडे मंत्र खर्च होतात. इनिशिएटिव्हसाठी नावांच्या चिठ्ठ्या दुमडून समोरच्या पुठ्ठ्यावर ओळीने अडकवा. सगळ्यांना आपली पाळी कधी ते दिसतं आणि ‘आता कोण?’ हा प्रश्न बंद होतो.

चकमकीनंतर पार्टी हमखास म्हणते, ‘आम्ही झोपतो.’ आठ तासांचा लाँग रेस्ट घेतला की सगळे मंत्र परत. अडवू नका, किंमत सांगा: वर दोन पोरं आहेत, आणि रात्री ड्रॅगन जेवतो. एक तासाचा शॉर्ट रेस्ट परवडतो, त्यात हिट डाइस टाकून एचपी भरून घेता येतात. किंमत आधी सांगितली की निर्णय त्यांचा होतो; नंतर सांगितली की ती शिक्षा वाटते.

७. गुहा: ड्रॅगनसोबत दुसरी अडचण ठेवा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीवर घालवा. नुसता ड्रॅगन आणि मोकळं मैदान दिलं तर काय होतं ते मोजून बघू. एसी १६, पार्टीचा बोनस +५, म्हणजे ११ किंवा वर आलं की लागतं, निम्मे वार फुकट. तरीही फायटरची ग्रेटसोर्ड सरासरी ५, रोगचा स्नीक अटॅक धरून पावणेसात, आणि क्लेरिकने गायडिंग बोल्ट, विझर्डने स्कॉर्चिंग रे सोडला की राउंडला २९ च्या आसपास. ३२ एचपीचा ड्रॅगन दुसऱ्या राउंडमध्ये संपतो. त्याला फार तर दोन टर्न मिळतात. चौघांना आठ.

एचपी वाढवणं हा उपाय अपुरा आहे. पार्टीच्या टर्न दुसरीकडे खर्च व्हायला हव्यात, आणि त्या खर्च करण्याचं कारण असं हवं की खेळाडूला स्वतःलाच तिकडे धावावंसं वाटेल. हिरोपणा टेबलावर दिसतो तो इथे: याच टर्नमध्ये ड्रॅगनवर वार करू की पोराची दोरी कापू? दोन्ही एकदम होत नाहीत.

गुहा १२ बाय १६ चौकटींची, म्हणजे ६० बाय ८० फूट. छत ३० फुटांवर, त्यात एक भोक, ड्रॅगनचा बाहेर जायचा रस्ता. छत याहून उंच करू नका, भाला (जॅव्हलिन) फेकायचा नेहमीचा पल्ला ३० फुटांचाच आहे. तोंडापासून लगेच गोठलेलं तळं, ३० फूट लांब. त्यापलीकडे १५ फूट उंच कडा, कड्यावर बर्फाची लादी आणि तिला बांधलेली दोन पोरं. कड्यावर गोफणी घेतलेले चार कोबोल्ड. तळ्याच्या डाव्या काठाने ५० फुटांची कोरडी वाट, आणि तिच्या मध्यावर बर्फाचा ढीग. ढिगात ड्रॅगन.

दर राउंडला इनिशिएटिव्ह २० वर लादी एकदा कडकडते. पाचव्या राउंडच्या कडकडाटाला ती कोसळते. हे पहिल्याच राउंडमध्ये स्पष्ट सांगा, आकड्यासकट. गुपित ठेवलं तर निवड राहत नाही, नुसता धक्का राहतो.

आता एकट्या सुटका करणाऱ्याचा हिशेब. बर्फावर हालचाल दुप्पट महाग: ३० फुटांचं तळं ६० फुटांचं पडतं, म्हणजे हालचाल आणि डॅश (ॲक्शन खर्चून पुन्हा तेवढीच हालचाल) मिळून पहिली पूर्ण टर्न, शिवाय घसरू नये म्हणून ॲक्रोबॅटिक्स डीसी १०. दुसऱ्या टर्नला १५ फूट चढायला ३० फुटांची हालचाल आणि ॲक्शनमध्ये पहिली दोरी, ॲथलेटिक्स किंवा थीव्ह्ज टूल्स, डीसी १२. तिसऱ्या टर्नला दुसरी दोरी. चौथी टर्न चुकण्यासाठी राखीव. काठाची कोरडी वाट डॅश मारून एका टर्नमध्ये पार होते, पण ती ड्रॅगनच्या तोंडाशी. विझर्डने मिस्टी स्टेपने मधेच उडी मारली तर मारू द्या. हुशारीला शाबासकी द्यायची, अडथळा वाढवायचा नाही.

कागदावरचा कठीणपणा: ड्रॅगन ४५०, चार कोबोल्ड १००, एकूण ५५०, पाच शत्रू म्हणून दुप्पट, ११००. या पार्टीसाठी कठीणची सुरुवात ९०० ला, जीवघेणं १६०० ला. जागा बरोबर आहे.

८. ड्रॅगन चालवताना

एचपी ३२ ऐवजी ५० ठेवा. ५डी८+१० ची ती कमाल आहे, नियमाबाहेर काही नाही. पार्टीतला एकजण सुटकेला गेलेला आणि थोडे मंत्र वाटेत खर्च झालेले असतील तर ५० एचपी तीन-चार राउंड पुरतात, म्हणजे लादीच्या घड्याळाशी जुळतात. स्लीपचा प्रश्नही बराचसा सुटतो: तो मंत्र कमी एचपीवाल्यांपासून सुरू होतो, त्यामुळे २० फुटांच्या त्रिज्येत कोबोल्ड असले की प्रत्येकी पाच आधी तेच खातात. तरीही शेवटी थकलेल्या ड्रॅगनवर स्लीप लागला तर लागू द्या. उडताना झोपला तर तो पडतो, दर १० फुटांना १डी६. टेबलावर तो क्षण आठवडाभर पुरतो.

पहिली टर्न: ढिगातून बाहेर, ज्या दिशेला दोघं-तिघं जवळजवळ उभे आहेत तिकडे श्वास. कोनाची रुंदी त्या ठिकाणी तोंडापासूनच्या अंतराइतकी असते, तीन चौकटींवर तीन चौकटी. पुठ्ठ्याचा त्रिकोण आधीच कापून ठेवा आणि कागदावर ठेवून दाखवा, ‘मी कोनात नव्हतो’ ही कटकट मिटते. डीसी १२ ची सेव्ह फायटर ६५ टक्के वेळा काढतो, विझर्ड निम्म्या वेळा. फासे पडद्याआड टाकू नका. ड्रॅगनचा श्वास सगळ्यांसमोर टाकलेला बरा. पाच डी८ एकदम टेबलावर आपटले की आपोआप शांतता होते.

त्यानंतर दर टर्नच्या सुरुवातीला एक डी६: ५ किंवा ६ आला तरच श्वास परत. हे विसरणं ही सगळ्यात सर्रास चूक. वहीत ड्रॅगनच्या नावापुढे मोठ्या अक्षरात ‘डी६!’ लिहा.

श्वास नसेल तर तो उडतो, चावतो, परत उडतो. पण ध्यानात ठेवा, वर्मलिंगला हातघाईतून फुकट सुटता येत नाही. तलवारीच्या टप्प्यातून बाहेर पडला की त्याच्यावर ऑपर्च्युनिटी अटॅक बसतो. हा वार खेळाडूंना मागायला सुचत नाही, तुम्ही आठवण करून द्या. ज्याच्याकडे धनुष्य नाही त्या फायटरला ड्रॅगन हवेत असताना नुसतं बघत बसावं लागू नये म्हणून त्याच्या शीटवर चार भाले आधीच लिहिलेले असू द्या.

कुणी शून्यावर गेलं तर डेथ सेव्ह: बोनसशिवाय डी२०, १० आणि वर पास, तीन पास म्हणजे स्थिर, तीन नापास म्हणजे मेला. १ आला तर दोन नापास, २० आला तर एक एचपी घेऊन उठतो. शून्यावर पडलेल्याला ड्रॅगन पुन्हा चावत नाही. बुद्धी ५, लक्ष जे हलतंय त्याच्याकडे.

बोलणं विसरू नका. लहान, भुकेली वाक्यं: ‘माझ्या मेंढ्या. माझी गुहा. तू कोण?’ कुणी ड्रॅकोनिकमध्ये उत्तर दिलं, मेंढ्यांच्या बदल्यात पोरं मागितली, तर पर्सुएशन डीसी १५ आणि एक राउंड ड्रॅगन खरंच थांबतो. लढाई टाळून क्वेस्ट संपली तरी ती संपलीच. कुठला तरी नियम अडला तर एका मिनिटात खेळाडूच्या बाजूने निर्णय द्या, वहीत टीप करा, घरी जाऊन बघा.

९. शेवट आणि हिशेब

१५ एचपी किंवा खाली आला की ड्रॅगन छताच्या भोकाकडे झेपावतो. पार्टीला अडवायची एक संधी द्या, मग जाऊ द्या. पळालेला ड्रॅगन म्हणजे फसलेली लढाई असं नव्या डीएमला वाटतं. तसं काही नाही, पोरं वाचली की गाव जिंकलं.

खजिना छोटा आणि दिसणारा ठेवा: बर्फात अडकलेल्या नाण्यांची पिशवी, एखादी +१ तलवार, चक्कीवालीने दिलेलं घोंगडं. एक्सपी मोजत बसू नका. दोन्ही लढायांचे मिळून ७००, माणशी १७५; चौथ्या लेव्हलला २७०० लागतात आणि ही पात्रं ९०० वर आहेत. या गतीने आणखी दहा बैठका लागतील. पुढे खेळायचं ठरलं तर सरळ एका टप्प्याला एक लेव्हल द्या.

ऑनलाइन खेळत असाल आणि कुणी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर असेल तर रविवारी सकाळी ८ ही वेळ धरा, तिकडे उन्हाळ्यात शनिवारचे रात्रीचे साडेदहा, हिवाळ्यात साडेनऊ. चार तासांचा खेळ त्यांच्यासाठी मध्यरात्र ओलांडतो, तेव्हा गुहा दुसऱ्या तासाच्या शेवटी आलीच पाहिजे. उशीर होत असेल तर वाटेवरची चकमक गाळा.

त्याच रात्री, झोपण्याआधी, वहीत चार गोष्टी उतरवा. ड्रॅगनचे उरलेले एचपी. कोणता कोबोल्ड पळाला आणि त्याने कुणाचं नाव ऐकलं. ‘तू कशापासून पळाला आहेस’ या प्रश्नाची जी उत्तरं आज वापरली नाहीत ती. आणि ड्रॅगन जिवंत सुटला असेल तर त्याला पार्टीतल्या कोणाचा सगळ्यात जास्त राग आला. सहाव्या वर्षी तो यंग होतो: १३३ एचपी, ३० फुटांचा कोन, १०डी८. त्या नावाच्या खेळाडूला हे आत्ता सांगायचं नाही.